हातात स्टिअरिंग, कानाला फोन
चाकण पट्ट्यात बंदी आहे, पण ती कागदावर. फोन करणाऱ्याला कोण विचारणार?

एस.टी.ने प्रवास केलेल्या माणसाला ती पाटी पाठ असते. चालकाच्या केबिनजवळ पत्र्यावर रंगवलेली : वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. मोबाईल नावाची वस्तू आपल्या देशात सुरू झाली ती ३१ जुलै १९९५ ला, आणि ही पाटी त्याच्या कितीतरी आधीची. म्हणजे गाडी हाकणाऱ्याचे चित्त दुसरीकडे नेऊ नये ही अक्कल आपल्याला कोणी परदेशातून आणून दिलेली नाही. ती आपलीच आहे, एस.टी.च्या लाल डब्यातली.

फरक एवढाच, की त्या काळी चालकाशी बोलणारा माणूस गाडीतच बसलेला असे. समोर म्हैस आडवी आली तर ती त्यालाही दिसे आणि तो आपसूक गप्प होई. फोनवरच्या माणसाला म्हैस दिसत नाही. तो आपला विचारतच राहतो, ‘कुठपर्यंत आलास?’

हे ‘कुठपर्यंत आलास’ आज चाकणच्या रस्त्यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारे वाक्य असेल. म्हणून हा विषय शहरातल्या मोटारवाल्यांवर सोडून चालणार नाही. तो खेड तालुक्यातल्या, मावळातल्या आणि शिरूरच्या कडेच्या गावांचा विषय आहे. रस्त्यावर गाडी आपली, चालवणारे पोरगे आपले आणि कडेने चालणारी माणसेही आपलीच.

कांद्याचे चाकण, मोटारींचे चाकण

तीस वर्षांपूर्वी चाकण म्हटले की कांदा-बटाट्याचा बाजार आणि शनिवारची गर्दी डोळ्यांपुढे यायची. इतिहासाची आवड असणारा फार तर फिरंगोजी नरसाळ्यांचा संग्रामदुर्ग सांगायचा. पुढे १९९९ च्या सुमारास बजाजचा दुचाकींचा कारखाना इथे उभा राहिला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, मागोमाग महिंद्राही आली. म्हाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, खराबवाडी, नाणेकरवाडी, वासुली, सावरदरी, वराळे, भांबोली ही नावे आता देशभरच्या ट्रकवाल्यांना ठाऊक आहेत. जमिनी एम.आय.डी.सी.त गेल्या, पैसे आले, त्यातून कोणी बंगला बांधला, कोणी खोल्या काढून भाड्याने दिल्या, आणि पुष्कळांनी गाड्या घेतल्या. छोटा हत्ती, पिकअप, आयशर, कामगारांची ने-आण करणारी बस. गाडी बँकेच्या कर्जावर आणि काम कंपनीच्या ठेक्यावर.

त्यामुळे इथल्या वाहतुकीला दोन अंगे आहेत. एक अंग कारखान्याचे. मोटारीचे सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने भोसरी, पिंपरी, तळेगाव, रांजणगावपर्यंत पसरलेले आहेत आणि मोठे कारखाने साठा फारसा करीत नाहीत. माल लागेल तेव्हा, लागेल तेवढा दारात हजर पाहिजे, अशी ही पद्धत. गाडी तळेगाव चौकात अडकली की तिकडे कारखान्यातली लाइन थांबायची भीती, आणि पुरवठादाराच्या डोक्यावर दंडाची टांगती तलवार. मग पुरवठादार ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावतो, ट्रान्सपोर्टवाला मालकाला आणि मालक ड्रायव्हरला. एका खेपेत असे किती फोन येतात, ते कोणत्याही ड्रायव्हरला चहा पाजून विचारा.

दुसरे अंग शेतीचे. सातगाव पठाराचा बटाटा, खेड-आंबेगावचा कांदा, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या हे सारे पहाटे याच रस्त्यांवरून चाकणला, मोशीला, पुण्याच्या मार्केट यार्डात जाते. शेतकरी गाडीत बसलेला असतो किंवा घरी जागा असतो. आडत्याचा फोन येतो, आवक किती आली, भाव काय फुटला. दहा रुपयांच्या फरकाने गाडी चाकणला उतरवायची की पुढे पुण्याला न्यायची, हे फोनवरच ठरते. गाडी तेव्हा उभी नसते, धावत असते. दुधाच्या किटल्या मोटारसायकलला लटकावून निघालेला गवळी तर मान वाकडी करून खांद्यात फोन दाबून जाताना रोजच दिसतो. एका हाताला क्लच, दुसऱ्याला ब्रेक, मागे चाळीस लिटर दूध आणि मान एका अंगाला. सर्कशीत या कसरतीचे तिकीट लावतात.

आणि सरकारी मंडळींनी हसू नये. ग्रामसेवक भाऊसाहेब एका गावाहून दुसऱ्या गावाला मोटारसायकलवर निघाले की पंचायत समितीतून फोन सुरू होतात : अमुक माहिती ताबडतोब पाठवा, तमुक फोटो ग्रुपवर टाका. तलाठ्यांचे तेच, आरोग्यसेवकांचे तेच. साहेबाचा फोन आणि तो उचलायचा नाही? नोकरी करायची आहे ना!

कायदा काय म्हणतो

पुष्कळांना अजून वाटते की गाडी चालवताना फोनवर बंदी आणावी की नाही, यावर सरकार विचार करीत आहे. तसे नाही. बंदी आहे आणि चांगली जुनी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक रीतीने गाडी चालवण्याचा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात स्पष्ट घातले की हातात धरायचे फोनसारखे साधन गाडी चालवताना वापरणे हेही धोकादायक चालवणेच. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही.

दुरुस्तीची गरज का पडली, हे केरळातल्या एका निकालावरून कळते. मे २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटले, की गाडी चालवताना नुसते फोनवर बोलणे हा तिथल्या पोलीस कायद्यातल्या त्या कलमाखाली आपोआप गुन्हा होत नाही. लोकांना धोका झाला हे दाखवावे लागेल. म्हणजे माणूस चिरडल्यावरच धोका सिद्ध! ती फट पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीने बुजवली.

महाराष्ट्राने वाढीव दंड लगेच लावले नाहीत. जागेवर भरायच्या तडजोड रकमा डिसेंबर २०२१ मध्ये ठरल्या : दुचाकीला एक हजार, चारचाकीला दोन हजार, इतर वाहनांना चार हजार, आणि तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास दहा हजार. लायसन्सचाही प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना बजावले, की फोनवर बोलत गाडी चालवणाऱ्याचे लायसन्स निदान तीन महिने निलंबित करा. ज्याचे पोट लायसन्सवर आहे त्याला चार हजारांपेक्षा हे तीन महिने जड जातील.

एक सूट आहे आणि ती नीट समजून घ्यावी. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमात असे आले, की फोन फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येईल, आणि तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. स्टँडवर लावलेला नकाशा चालेल. त्याच स्टँडवर क्रिकेट चालणार नाही.

अपघातात माणूस गेला तर मग प्रकरण चलनाचे राहत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. जुन्या ३०४-अ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होती. नव्या कलम १०६(१) मध्ये ती पाच वर्षांपर्यंत गेली. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांचा जो संप झाला, पंपांवर रांगा लागल्या, तो याच कलमाच्या दुसऱ्या भागावरून. अपघात करून न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षे, असा तो भाग. तो स्थगित ठेवला गेला. पाच वर्षांचा पहिला भाग मात्र लागू झाला, आणि याची कल्पना कित्येक ड्रायव्हरांना नाही. अपघात झाला त्या मिनिटाला फोन चालू होता की नाही, हे कॉलच्या तपशिलावरून पोलीस काढू शकतात.

सात गुंठे डोळे मिटून

कायद्याचे राहू द्या. शेतकऱ्याला जमिनीच्या मापाने सांगितलेले लवकर पटते, म्हणून हा हिशेब.

साठच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर कापते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक संस्थेने २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ट्रकमध्ये कॅमेरे बसवून खऱ्याखुऱ्या रस्त्यावरचे चालक पाहिले होते. फोनवर संदेश लिहिणाऱ्या चालकाची नजर सहा सेकंदांपैकी ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हती, आणि त्याला अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका २३ पट होता. आता ४.६ सेकंदांत साठच्या वेगाने किती अंतर जाते? सुमारे ७७ मीटर. तेहतीस फूट बाय तेहतीस फुटांचा एक गुंठा. असे साडेसात गुंठे एका ओळीत मांडा आणि एवढे शेत डोळ्यांवर पट्टी बांधून भरल्या पिकअपने पार करा. चाळीसच्या वेगाने गेलात तरी पाच गुंठे होतातच.

बैलगाडीच्या काळात गाडीवान झोपला तरी चालायचे. बैल रस्ता ओळखायचे, घरी आणून सोडायचे. टेम्पोला तेवढी अक्कल नाही.

संदेश लिहिणे वाईट, हे सगळे मान्य करतात. वाद आहे तो नुसत्या बोलण्याचा. कॅनडातल्या टोरांटो शहरात दोन संशोधकांनी किरकोळ अपघात झालेल्या ६९९ चालकांची फोनची बिले तपासली. १९९७ मध्ये निष्कर्ष छापून आला : फोन चालू असताना टक्कर होण्याचा धोका चौपट. हात मोकळे ठेवून बोलणाऱ्यांनाही त्यात काही फायदा दिसला नाही. उलट व्हर्जिनियाच्या त्याच ट्रकांच्या अभ्यासात नुसते बोलणे-ऐकणे याने धोका वाढल्याचे आढळले नाही. फोन शोधणे, नंबर लावणे, वाचणे, लिहिणे यानेच वाढला. विद्वानांत एकमत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमचे मत विचाराल तर, अमेरिकेतल्या मोकळ्या सहापदरी रस्त्यावर बोलणे कदाचित निभावत असेल. पण आळंदी फाट्यावर एकीकडून कंटेनर, दुसरीकडून उलट्या दिशेने येणारी रिक्षा आणि मधूनच डोक्यावर पाटी घेतलेली बाई, अशा ठिकाणी मेंदूचा अर्धा भाग मालकाला उत्तर देण्यात गुंतला, तर उरलेल्या अर्ध्याने काय काय सांभाळायचे?

तिकडचा एक अपघात आपल्याकडच्यांनी ऐकावा असा आहे, कारण त्यात पिकअप आहे. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात ग्रे समिट या ठिकाणी १९ वर्षांचे पोर पिकअप चालवत होते. अकरा मिनिटांत त्याने अकरा संदेशांची देवघेव केली. पुढे रस्त्याच्या कामामुळे वाहने सावकाश चालली होती; पिकअप समोरच्या ट्रकवर आदळला आणि मागून शाळेच्या दोन बस त्यावर येऊन धडकल्या. पोरगा आणि बसमधली एक विद्यार्थिनी मरण पावली, ३८ जखमी झाले. त्यानंतर डिसेंबर २०११ मध्ये तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने शिफारस केली, की चालकाला फोन पूर्णच बंद करा, हात मोकळे असोत वा नसोत. ब्रिटनने हातातल्या फोनवर १ डिसेंबर २००३ पासूनच बंदी घातली होती.

आकडे कमी का दिसतात

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशात रस्त्यावर १,५३,९७२ माणसे मेली. त्यांपैकी फोन वापरल्यामुळे १,०४०. म्हणजे शंभरात एकही नाही. अतिवेगाने मात्र जवळजवळ सत्तर टक्के. यावरून कोणी म्हणेल, की फोनच्या नावाने उगाच बोंब चालली आहे.

वेग हा मोठा मारेकरी आहे यात वाद नाही. १३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री शिरोलीजवळ खरपुडी फाट्यावर केटरिंगच्या कामाला आलेल्या बायकांना रस्ता ओलांडताना भरधाव मोटारीने उडवले. पाच जणी गेल्या. खेड तालुका ती रात्र विसरलेला नाही. पण अपघाताचे कारण लिहिले जाते ते कसे, हेही पाहा. वेग गाडीच्या चेंदामेंद्यावरून कळतो, दारूचा वास येतो. फोन मात्र खिशात जातो, नाहीतर सीटखाली पडतो. जिवंत राहिलेला ड्रायव्हर ‘मी बोलत होतो’ असे आपणहून कशाला सांगेल? गेलेला सांगू शकत नाही. साध्या अपघातात कॉलचा तपशील मागवण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. तेव्हा १,०४० हा आकडा पकडलेल्या उंदरांचा आहे, कणगीतल्या सगळ्या उंदरांचा नव्हे.

ड्रायव्हरची बाजू

चौकात उभे राहून ड्रायव्हरला शिव्या देणे सोपे आहे. पण त्याची अडचण खोटी नाही. गाडी बाजूला घेऊन फोन घ्या, असा सल्ला सगळे देतात. कुठे घ्यायची बाजूला? मोशीपासून चाकणपर्यंत रस्त्याची कड बघा. कुठे कंटेनर लावलेले, कुठे टपऱ्या, कुठे साइडपट्टीच खचलेली. चाकण-शिक्रापूर रस्त्यावर रासे, भोसे, शेलपिंपळगाव, बहुळ या बाजूला अंधारात गाडी कडेला उभी केली तर मागून येणाराच ठोकणार. दिवे नसलेली उभी गाडी हा फोनइतकाच मोठा शत्रू, हे ऊसवाहतुकीच्या दिवसांत ट्रॉल्यांनी दाखवून दिलेले आहे.

दुसरे, फोन न उचलणाऱ्या ड्रायव्हरला काम मिळत नाही. ‘गाडी चालवत होतो म्हणून उचलला नाही’ हे कारण कंपनीतला माणूस ऐकून घेतो, पण पुढच्या आठवड्यात ती खेप दुसऱ्याला जाते. गाडीचा हप्ता महिन्याच्या महिन्याला येतो. त्यात ड्रायव्हर पगारी असेल तर आणखी गंमत : ई-चलन येते गाडी ज्याच्या नावावर त्याच्या मोबाईलवर. मालक ते पोराच्या पगारातून कापतो. म्हणजे फोन करणारा मालक, दंड भरणारा नोकर. न्याय बरा आहे!

तेव्हा आमच्या मते खरी मेख इथे आहे. कायद्याने पकडला तो फोन उचलणारा, लावणारा मोकळा. गाडी रस्त्यावर आहे हे माहीत असताना दर दहा मिनिटांनी फोन लावणाऱ्या डिस्पॅचवाल्याला, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला, आडत्याला, साहेबाला कोणी हात लावत नाही. बरे, हल्ली बऱ्याच मालवाहू गाड्यांना जी.पी.एस. असते. गाडी कुठे आहे हे ऑफिसातल्या पडद्यावर दिसते. तरी विचारतात, ‘कुठपर्यंत आलास?’ खोड आहे ती, गरज नव्हे.

एस.टी.ने काय केले

राज्य परिवहन महामंडळाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये परिपत्रक काढून चालकांना गाडी चालवताना फोन आणि हेडफोन वापरायला मनाई केली. पण परिपत्रकाने सवय जात नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबई-पुणे मार्गावरच्या ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवताना फोनवर क्रिकेटचा सामना पाहत होता. एका प्रवाशाने त्याचे चित्रण केले आणि ते परिवहनमंत्र्यांपर्यंत पोचले. चालकाला कामावरून काढले आणि ज्या खासगी संस्थेचा तो चालक होता तिलाही दंड झाला.

यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची. दंड संस्थेलाही झाला. आणि पकडून दिले ते पोलिसाने नव्हे, मागे बसलेल्या माणसाने. कंपनीच्या बसमध्ये तीस-चाळीस कामगार बसतात, पिकअपमध्ये शेतकरी ड्रायव्हरच्या शेजारीच बसतो. त्यांनी तोंड उघडले तर वाहतूक पोलिसाची वाट पाहावी लागणार नाही. शेजारी बसलेल्या शेतकऱ्याने तर एवढेच करावे, की फोन आपल्याजवळ घ्यावा आणि आपणच बोलावे. भाव तसाही त्याच्याच कांद्याचा असतो.

मग बंदी कशी असावी? माणसे वाहणारी गाडी आणि जड वाहने यांच्या चालकांना फोन पूर्ण बंद, हात मोकळे असोत वा नसोत. शाळेची गाडी आणि कामगारांची बस यांत पहिल्या. बाकीच्यांना हातात फोन नाही, ही आजचीच बंदी. फक्त ती पाळून घ्यावी. सगळ्यांना सगळे बंद असा फतवा काढला तर तो सीटबेल्टसारखा चौकापुरता पाळला जाईल, असे वाटते. काही जाणकार यावर नाक मुरडतील. मुरडोत.

गावाच्या हातात काय

१५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले. चाकण, म्हाळुंगे, आळंदी हा भाग त्यात गेला, राजगुरुनगर पुणे ग्रामीणकडे राहिले. मोशीपासून खेडपर्यंत एकाच रस्त्यावर दोन पोलीस यंत्रणा. वाहतूक पोलीस चौकातली कोंडी फोडता फोडता मेटाकुटीला येतात, चालत्या ट्रकच्या केबिनमध्ये डोकवायला त्यांना उसंत कुठली? तेव्हा सगळे पोलिसांवर टाकून भागणार नाही.

ग्रामपंचायतीला वाहतुकीचा दंड करता येत नाही, हे खरे. पण एम.आय.डी.सी.तल्या गावांचे वजन काही कमी नाही. कंपन्यांच्या बसचे, पाण्याच्या टँकरचे, मालवाहतुकीचे ठेके गावातल्याच मंडळींकडे आहेत. सरपंच, उपसरपंच, त्यांचे भाऊबंद यांतलेच कोणी तरी गाडीमालक असतात. ठेक्याच्या कागदात एक ओळ घालायला कोणाची परवानगी लागत नाही : गाडी चालू असताना चालकाला फोन केला जाणार नाही, आणि फोन न उचलल्याबद्दल खेप काढून घेतली जाणार नाही. कंपन्यांच्या सुरक्षा विभागाला आपल्या दाराच्या आत हेल्मेट, बूट, जॅकेट यांचे कोण कौतुक! तेच नियम दाराबाहेर वीस किलोमीटरपर्यंत यायला हरकत नसावी. दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम होतात, फलक लागतात, चालकांना गुलाबाचे फूल देतात. फूल दिले नाही तरी चालेल, ती ओळ द्यावी.

गाडी थांबवायला जागा हवी, तीही गावच देऊ शकते. दर पाच-सात किलोमीटरला दोन-चार गाड्या सुरक्षित उभ्या राहतील असा एखादा मुरूम टाकलेला तुकडा, दिवा आणि पाटी. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ मध्ये जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची तरतूद आहे. ग्रामसभेचा ठराव त्या समितीकडे रीतसर पाठवता येतो. पोलीस पाटलांनी गावातल्या धोक्याच्या जागा त्याला जोडून द्याव्यात. कोणत्या वळणावर काय घडले हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार? आणि पंचायत समितीने आपल्या ग्रुपवर एवढे जाहीर करावे, की फिरतीवर असलेल्या कर्मचाऱ्याने फोन पोचल्यावर केला तरी चालेल.

एक धोका मात्र आताच ओळखून ठेवायला हवा. आज तळेगाव चौकात, आंबेठाण चौकात गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. कोंडीत ताटकळलेला ड्रायव्हर फोन काढतो, काही बघतो, आणि फारसे बिघडत नाही. सवय तिथेच लागते. २ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड या तीस किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला मंजुरी दिली. खर्च ७,८२७ कोटी. तो रस्ता होईल तेव्हा गाड्या ऐंशीने धावतील. चालक तेच असतील, फोन तेच असतील, आणि विचारणारेही तेच. ऐंशीच्या वेगाने ४.६ सेकंदांत गाडी १०२ मीटर जाते. म्हणजे एका ओळीत दहा गुंठे.

ग्रामसभा वर्षातून चार वेळा होतातच. येत्या सभेत पाणीपट्टी आणि घरकुलांच्या यादीवर वाद झाल्यावर जी दहा मिनिटे उरतात, त्यांत गाडीमालकांना पुढे बोलावून ठेक्याची ती एक ओळ वाचून दाखवावी आणि सह्या घ्याव्यात. सही द्यायला कोण मागे सरतो, ते गावाला तिथेच कळेल.